तालमीत गजकर्ण शिरलं तर काय करायचं (नवीन पीटी सर, कोच आणि पालकांसाठी)

जून संपत आला, पाऊस लागला, कपडे वाळायचे बंद झाले की आठ-पंधरा दिवसांत टीममधलं एक पोरगं मांडी खाजवत येतं. मग दुसरं येतं. गणपती येईस्तोवर निम्म्या टीमच्या अंगावर गोल गोल चट्टे. तुम्ही कोल्हापुरात किंवा आसपास शाळेची कुस्ती, ज्युदो, कबड्डीची टीम पहिल्यांदाच घेतली असेल तर हे होणारच आहे, फक्त कधी होतंय ते बघायचं. मी डॉक्टर नाही, खेळाचा मास्तर आहे, पण यात एकदा चांगलाच तोंडावर पडलोय म्हणून लिहितोय.

पहिल्या वर्षी माझ्याकडं चौदा पोरं होती. एकाच्या हातावर चट्टा दिसला, मी सरळ मेडिकलमध्ये जाऊन खाजेचं मलम मागितलं, त्यानं एक ट्यूब दिली, आणि काय सांगू, दोन दिवसांत खाज गायब, लाली गायब. मला वाटलं आपण लई भारी काम केलं. ती ट्यूब मी किटबॅगमध्येच ठेवली, ज्याला खाजलं त्यानं लावायची, अशी सोय. महिन्याभरात तेच चट्टे परत आले ते तळहाताएवढे होऊन, वर्तुळात वर्तुळ, आणि आता नऊ पोरांना. स्किनच्या डॉक्टरांनी ट्यूब उलटी करून मागचं बारीक अक्षर मला वाचायला लावलं. त्यात स्टेरॉइड होतं. म्हणाले, सर, विस्तव विझवला नाही तुम्ही, राखेखाली झाकून ठेवलाय.

आणि त्याहून वाईट गोष्ट मला नंतर कळली. ज्या पोराला पहिल्यांदा झालं होतं त्याला माझ्या नजरेला पडायच्या तीन आठवडे आधीपासून होतं. तालुक्याचं सिलेक्शन तोंडावर होतं म्हणून तो फुल शर्ट घालून फिरत होता. तर ही सगळी भानगड म्हणजे दोन गोष्टी, लपवालपवी आणि चुकीची ट्यूब. बाकी साफसफाई वगैरे महत्त्वाचीच, पण या दोन सुटल्या तर फिनेलच्या टाकीत मॅट बुडवून ठेवली तरी काय उपयोग नाही.

आधी हे आहे काय ते समजून घ्या

गजकर्ण म्हणा, नायटा म्हणा, ही बुरशी आहे. किडा नाही, रक्त खराब झालेलं नाही, आणि पोरगं घाणेरडं आहे म्हणून झालंय असंही नाही, रोज दोनदा आंघोळ करणाऱ्यालाही होतं. ही बुरशी आपल्या कातडीच्या सगळ्यात वरच्या थरातलं, केसातलं, नखातलं केराटिन नावाचं प्रथिन खाऊन जगते. तिला ऊब लागते आणि ओल लागते. पावसाळ्यातलं कोल्हापूर आणि त्यात घामानं भिजलेला लंगोट, म्हणजे तिला पंगतच मांडून दिली की आपण.

अंगाला लागल्यापासून चट्टा दिसेपर्यंत साधारण ४ ते १४ दिवस जातात. हे ध्यानात ठेवा, कारण आज एक पोरगं सापडलं म्हणजे त्याच्याबरोबर गेल्या दोन आठवड्यांत जे जे लढले त्यांच्या अंगावर ती आधीच बसलेली असू शकते, फक्त अजून दिसत नाही.

कुस्तीवाल्यांनाच जास्त का, तर कातडीला कातडी घासते, बारीक खरचटतं, आणि त्या खरचटलेल्या जागेतून बुरशीला वाट मिळते. पोरांच्या अंगावर कुठं चट्टे उठतात ते नीट बघा, मान, कानामागची बाजू, हाताच्या कोपराखालचा भाग, दंड. खडाखडीत म्हणजे उभ्यानं भिडताना मानेवर हात टाकतो, पट काढताना म्हणजे पाय धरताना डोकं समोरच्याच्या अंगाला घासतं, तिथंच उठतं. मल्लखांबवाल्यांना मांडीच्या आतल्या बाजूला आणि काखेत, कारण लाकूड तिथं घासतं आणि तो खांब सगळ्यांचा एकच. फुटबॉलवाल्यांना पायाच्या बोटांच्या बेचक्यात, त्याला आपल्याकडं चिखल्या म्हणतात, तीही बऱ्याचदा हीच बुरशी. मोजे दिवसभर ओले, त्यावर बूट, मग काय होणार. आणि पायाची बुरशी तिथंच राहत नाही, त्याच हातानं खाजवून जांघेत हात गेला की जांघेत.

ओळखायचं कसं

साधं गजकर्ण लगेच कळतं. गोल चट्टा, कड लाल आणि थोडी वर आलेली, कडेवर बारीक कोंडा, मध्ये कातडी बरी दिसते, आणि खाज, त्यातही घाम आला की जास्त. पण प्रत्येक वेळी असं पुस्तकातल्यासारखं दिसत नाही. स्टेरॉइडचं मलम आधीच लावलेलं असेल तर कड पुसट होते आणि डॉक्टरसुद्धा क्षणभर थांबतात.

आणि प्रत्येक चट्टा म्हणजे गजकर्ण नाही, इथं नवीन माणसाची फसगत होते. पाठीवर, छातीवर फिकट किंवा तपकिरी बारीक डाग, खाज जवळजवळ नाही, ते शिबं. तीही बुरशीच पण ती आपल्या कातडीवर असतेच, एकाची दुसऱ्याला लागायची भीती धरू नका, पोराला बाहेर बसवायची गरज नाही. रात्री झोपू देत नाही अशी खाज, बोटांच्या बेचक्यात पुरळ, घरात आईला आणि भावालाही खाज, तर खरूज असू शकते, तिचं औषध पूर्ण वेगळं. मधासारखी पिवळी खपली धरलेले फोड म्हणजे बॅक्टेरियाचं काम. आणि तोंडावर, मानेवर पाण्यानं भरलेल्या बारीक फोडांचा घोस, त्याबरोबर कणकण, ठणका, असं दिसलं की त्याच मिनिटाला पोराला मॅटवरून खाली घ्या, ते हर्पिस म्हणजे विषाणूचा आजार असू शकतो आणि ते कुस्तीत फार वेगानं पसरतं. डोळ्याजवळ असेल तर त्याच दिवशी डॉक्टर.

अजून एक, चट्ट्यावर खाज नाहीच उलट तिथं बधिर वाटतंय, स्पर्श कळत नाही, तर लपवू नका आणि घाबरूही नका, कुष्ठरोगाची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते, औषधही फुकट, आणि वेळेत घेतलं तर पूर्ण बरं होतं.

डोक्याचं वेगळं सांगतो. टक्कल पडल्यासारखा गोल ठिपका दिसला की घरचे म्हणतात चाई पडली. चाईत जागा गुळगुळीत असते. बुरशी असेल तर कोंडा असतो, केस मुळापाशी तुटलेले दिसतात, कधी सूज येऊन पू पण होतो. डोक्यातली बुरशी नुसत्या मलमानं जात नाही, ती केसाच्या मुळात असते, गोळ्याच लागतात, त्याही कित्येक आठवडे. जपानमध्ये ज्युदोच्या खेळाडूंमध्ये अशीच एक बुरशी पसरली होती तेव्हा कळलं की काहींच्या डोक्यात ती असते पण दिसत काहीच नाही, म्हणून तिथं केसांतून ब्रश फिरवून तो लॅबला देऊन तपासणी करायची पद्धत आली. आपल्याकडं एवढं होणार नाही, पण वारंवार पसरतंय आणि कुठून येतंय कळत नाही तर एखाद्याच्या डोक्यात लपलंय का, हा प्रश्न डॉक्टरांना विचारा.

सोमवारची तपासणी

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, सगळ्यांची. एकालाच बोलावून "बघू तुझं काय झालंय" असं करायचं नाही, तिथूनच लपवालपवी सुरू होते. मी सोमवारी वॉर्मअपच्या आधी करतो. उजेडात, मोकळ्यावर, पोरं हाफपँटवर, बरोबर दुसरे एक शिक्षक किंवा एखादे पालक उभे. मान, कानामागं, डोकं, हात, काखा, पाठ, पोट, मांड्या, पायाची बोटं. एका पोराला एक मिनिट लागतं. जांघेत बघायचं नाही, विचारायचं फक्त, आणि तेही सगळ्यांसमोर नाही. मुली असतील तर मॅडमनीच तपासायचं, मॅडम नसतील तर मुलींच्या आयांना सांगून घरीच बघून घ्यायचं, यात वाद नको. वर्षाच्या सुरुवातीलाच पालकांना सांगून त्यांची सही घ्या.

सुरुवात मी स्वतःपासून करतो. शर्टच्या बाह्या वर करून आधी माझे हात दाखवतो, पोरं हसतात, मग दाखवतात. वहीत तारीख, नाव, कुठं आहे, किती मोठा, एवढंच. फोटो काढायचा तर पालकांना विचारून, आणि फोटो ग्रुपवर टाकायचा नाही म्हणजे नाही.

सगळ्यात महत्त्वाचं वाक्य पहिल्याच दिवशी सांगून टाका: चट्टा सांगितला म्हणून कुणाची जागा जाणार नाही. आणि मग ते पाळा. मी एकदा हे बोलून पाळलं नव्हतं, बसवलेल्या पोराच्या वजनगटात दुसऱ्याला उतरवलं, पुढचे दोन महिने टीममध्ये सगळ्यांना डासच चावत होते. "काय न्हाई वो सर, डास चावलाय," हे वाक्य तुम्हीही ऐकाल.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी तपासणी करण्यात काही अर्थ नाही, तेव्हा सापडलं तर करणार काय, आणि पोरांनाही ते कळतं म्हणून लपवतात. शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग अशा पावसाच्या आसपासच चालू होतात, म्हणून मी तारखेच्या तीन-चार आठवडे आधी एक जरा बारकाईनं करतो. तेवढ्यात औषध चालू होऊन पोरगं तयार होतं.

एक सापडला, आता?

त्याच दिवसापासून अंगाला अंग लागेल असं काही नाही. म्हणजे घरी पाठवायचं असं नाही, घरी पाठवला की शिक्षा झाली. धावणं, जोर-बैठका, मुद्गल फिरवणं, पायऱ्या, हे सगळं चालतं. सपाट्या मारायच्या तर स्वतःच्या चटईवर. दोर नको, कारण दोर छातीला मांडीला घासतो आणि पुढचा त्याच दोराला लटकतो. मला हे दुसऱ्या वर्षी लक्षात आलं, बसवलेली पोरं मी खुशाल दोरावर चढवत होतो.

मग डॉक्टर. स्किनचे डॉक्टर परवडत नसतील तर सीपीआरला (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) त्वचारोग विभाग आहे, सकाळच्या ओपीडीला जा, गर्दी असते, वेळ काढून जा. गावाकडं असाल तर आधी प्राथमिक आरोग्य केंद्र. शंका असेल तर ते कडेवरचा कोंडा खरवडून काचेवर घेतात, त्यावर केओएच नावाचं द्रावण टाकून मायक्रोस्कोपखाली बघतात, बुरशीचे धागे लगेच दिसतात. दुखत नाही, पोरांना आधी सांगा नाहीतर सुई समजून पळतात.

परत कुस्ती कधी? अमेरिकेत शालेय कुस्तीत ठरलेलं आहे, अंगावरचं गजकर्ण असेल तर किमान ७२ तास औषध झालेलं पाहिजे, डोक्याचं असेल तर १४ दिवस, आणि डॉक्टरांची चिठ्ठी. आपल्याकडची बुरशी सध्या लई चिवट झालीय (का ते खाली सांगतो) त्यामुळं मी ७२ तासांवर कधीच सोडत नाही. डॉक्टर हो म्हणाले, नवीन चट्टा नाही, जुन्याची कड बसलीय, कोंडा गेलाय, तेव्हाच मॅटवर. बऱ्याचदा दोन-तीन आठवडे जातात. चट्टा झाकून खेळवू का, हे सगळे विचारतात. साधी पट्टी घामानं दुसऱ्या मिनिटाला सुटते, तेव्हा औषध न करता नुसतं झाकून खेळवणं म्हणजे आपलीच फसवणूक.

औषधाचा भाग, इथं जरा सावकाश वाचा

मेडिकलमध्ये खाजेचं मलम म्हणून जी ट्यूब मिळते तिच्यात अनेकदा तीन-चार औषधं एकत्र असतात, बुरशीचं एक, बॅक्टेरियाचं एक, आणि एक स्टेरॉइड. मागं बारीक अक्षरात क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन असं काही दिसलं की ते स्टेरॉइड. नाव ऐकायला तसंच वाटलं म्हणून सगळंच वाईट असंही नाही, क्लोट्रिमाझोल हे साधं बुरशीचं औषध आहे, म्हणून नाव पूर्ण वाचायचं. ही स्टेरॉइडवाली मलमं २०१८ पासून कायद्यानं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. देतात ते आपण सगळे बघतोच.

स्टेरॉइड करतं काय, तर सूज आणि खाज दाबतं. आपलं शरीर त्या बुरशीशी भांडत असतं म्हणून तर लाल होतं, खाजतं. भांडणाराच गप्प केला की बुरशीला रान मोकळं. त्यात जांघेत महिना-दोन महिने लावलं की कातडी पातळ होते, बाळंतपणानंतर पोटावर येतात तसे वळ उठतात, आणि ते वळ आयुष्यभर जात नाहीत. पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांच्या मांडीत मी हे बघितलंय. माझ्या ट्यूबमुळं किती जणांना झालं असेल हा हिशोब मी केलेला नाही, करवत नाही.

आणि चिवटपणाचं. भारतात गेल्या काही वर्षांत अशी एक बुरशी पसरलीय जिच्यावर टर्बिनाफिन हे नेहमीचं औषध बऱ्याच वेळा चालत नाही. २०२० मध्ये जपानच्या संशोधकांनी भारतीय आणि नेपाळी रुग्णांकडून मिळालेल्या बुरशीवरून तिला वेगळं नाव दिलं, ट्रायकोफायटॉन इंडोटिनिई, म्हणजे नावातच आपला देश आला. २०२३ मध्ये ती न्यूयॉर्कमध्ये सापडल्याची बातमी आली. म्हणजे शेजारच्याला ज्या गोळीनं गुण आला तीच आपल्या पोराला द्यायची, हा प्रकार आता चालत नाही.

डॉक्टरांनी मलम दिलं की लावायची पद्धत: आंघोळ, अंग पूर्ण कोरडं, मग चट्ट्याच्या बाहेरून आत. चट्ट्याच्या पलीकडं दोन बोटं रुंद चांगल्या दिसणाऱ्या कातडीवरही लावायचं कारण बुरशी तिथं पोचलेली असते, दिसत नसते. किती लावायचं, तर मोठ्या माणसाच्या बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून रेघ काढली की ती दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. लावल्यावर हात धुवा. आणि खाज थांबली म्हणून औषध थांबवायचं नाही, ही सगळ्यात मोठी चूक, शंभरातले बरेचसे परत होणारे चट्टे याच्यामुळंच असतात असं माझं मत झालंय. चट्टा दिसेनासा झाल्यावरही साधारण दोन आठवडे, किंवा डॉक्टर सांगतील तितके. पाच-सहा आठवडे लागले तर घाबरू नका.

गोळ्या दिल्या तर वेळ आणि जेवण नीट विचारून घ्या. ग्रिसिओफुल्विन तुपा-दुधाच्या जेवणाबरोबर चांगलं शोषलं जातं, पैलवानाला ते सांगावं लागत नाही. इट्राकोनाझोलच्या कॅप्सूल जेवणानंतर, आणि त्याबरोबर अॅसिडिटीची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, ती औषधाचा परिणाम कमी करते. आधी कावीळ झालेली असेल तर तेही सांगा.

घरगुती उपायांवर मी भांडत बसत नाही, टाकळ्याचा पाला चोळणारे आहेत, चोळू देत, पण डॉक्टरांचं औषध चालू ठेवून. मात्र लसूण ठेचून बांधणं, बिब्बा लावणं, रॉकेल, बॅटरीचं पाणी, हे अजिबात नाही. एका पोराच्या आज्जीनं बिब्बा लावला होता, गजकर्ण राहिलं बाजूला, भाजल्याचीच जखम दीड महिना पुरली.

कपडे, पंचा, लंगोट, करदोडा

लंगोट किमान तीन पाहिजेत. एक अंगावर, एक धुतलेला, एक वाळत, कारण पावसाळ्यात तो दुसऱ्या दिवशी वाळत नाही म्हणजे नाहीच. तालमीतल्या खुंटीला ओला लंगोट टांगून दुसऱ्या दिवशी तोच घालणं ही जुनी सवय आहे, आणि मोडायला सगळ्यात अवघड. मी खुंट्याच काढून टाकल्या. वस्ताद आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

धुताना पाणी कडक पाहिजे, ६० अंशाच्या आसपास, म्हणजे हात घालवत नाही इतकं. बंब असेल तर बंबातलं कडकडीत पाणी बादलीत घेऊन साबण टाकून अर्धा तास भिजत ठेवा, मग धुवा. पोराचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नका. ऊन असेल तर उलटे करून उन्हात, नसेल तर पंख्याखाली, आणि मग इस्त्री, शिवणीवर आणि इलॅस्टिकवर जरा जास्त फिरवा, ओल तिथंच राहते. घरात एकच टॉवेल सगळ्यांनी वापरायची पद्धत असेल तर ती पहिल्यांदा बंद.

करदोडा! हे कुणी सांगत नाही. कमरेचा काळा दोरा, ताईत, मनगटातला गंडा, हे सगळे दिवसभर ओले राहतात आणि बरोबर त्याच्याखाली चट्टा उठतो. उपचार चालू आहे तोवर काढून ठेवा म्हणायचं, आईला वाईट वाटत असेल तर जुना बदलून नवीन बांधा आणि आंघोळीनंतर तो पुसून कोरडा करा. मी यावर धार्मिक चर्चा करत नाही, ओल एवढाच विषय.

सराव संपला की लगेच आंघोळ, घरी जाऊन संध्याकाळी नाही. साधा साबण पुरे, कडक जंतुनाशक साबणानं कातडी कोरडी पडून उलट भेगा पडतात. पण सगळ्यांनी एकच वडी वापरू नका. अंग पुसताना पाय आणि जांघ शेवटी, पायाच्या बोटांत नीट पुसून कोरडं. आधी मोजे, मग अंडरपँट घाला, म्हणजे पायाची बुरशी कापडाबरोबर वर येत नाही. विचित्र वाटतं, पण खरंच उपयोग होतो.

आणि ते झिरो मशीन. स्पर्धेच्या आधी पोरं एकमेकांचे केस एकाच मशीननं काढतात, एकाच्या डोक्यात असेल तर सगळ्यांच्या डोक्यात. ज्यानं त्यानं आपल्या न्हाव्याकडं जावं आणि ब्लेड साफ करायला सांगावं.

मॅट आणि माती

मॅट रोज, सरावाच्या आधी आणि नंतर. आधी झाडून किंवा पुसून धूळ, केस काढायचे, मग साबणाच्या पाण्यानं पुसायचं, मग जंतुनाशक. घाणीवर जंतुनाशक ओतलं तर ते घाणीतच संपतं. डब्यावर बुरशी मारतं असं लिहिलेलं आहे का बघा, आणि जितका वेळ ओलं ठेवा म्हणून लिहिलंय तितका वेळ ओलं राहू द्या, बहुतेक वेळा दहा मिनिटं असतात, आपण मात्र लगेच कोरडं पुसून मोकळे होतो. मग हवेशीर वाळू द्या, ओली मॅट गुंडाळायची नाही.

फरशी, बाथरूम, प्लॅस्टिकच्या वस्तू यांना घरगुती ब्लीच एक भाग आणि पाणी नऊ भाग, दहा मिनिटं ठेवून धुऊन टाका. खिडक्या उघड्या, हातात मोजे, पोरं बाहेर. संडास साफ करायच्या अॅसिडमध्ये ब्लीच कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो. मॅटला ब्लीच चालतं का ते मॅटवाल्याला विचारून, काहींचं कव्हर तडकतं. मॅटचं कव्हर फाटलं असेल तर आतल्या फोममध्ये घाम मुरतो, ते कशानंच साफ होत नाही, टेप लावा किंवा बदला. बूट घालून संडासला जाऊन परत त्याच बुटांनी मॅटवर यायचं नाही, दारात चपला ठेवा.

मातीचं जरा नाजूक आहे, कोल्हापुरात बोलताना जपून बोलावं लागतं. खासबागेच्या कुस्ती मैदानाच्या तांबड्या मातीचा अभिमान मलाही आहे, आणि हौद्यात म्हणजे आखाड्याच्या मातीत हळद, लिंबू, ताक, तेल, कापूर घालायची आपली पद्धत चांगलीच आहे, माती मऊ राहते, वास चांगला येतो. पण हळद घातली म्हणून माती औषध झाली आणि तिच्यात गजकर्ण पसरत नाही, असं धरून चालू नका, अंगाला अंग मातीतही लागतंच. माती रोज उकरायची, वरखाली करायची, छपराखाली गळत असेल तर आधी ते छप्पर. चट्टेवालं पोरगं मातीतही नको, आणि चट्ट्यावर माती चोळून बरं होतं हे तर नकोच.

सारखं सारखं येतंय तर

घरी बघा. एकाचवेळी घरातल्या सगळ्यांचा उपचार झाला नाही तर पोरगं बरं होतं आणि वडिलांकडून परत घेऊन येतं. मग गोठ्यात बघा. आपल्याकडं पोरांच्या घरी म्हशी, वासरं असतातच, वासराच्या डोळ्यांभोवती, मानेवर राखाडी खवल्यांचे गोल चट्टे असतील तर तीही बुरशीच आणि ती माणसाला लागते, धार काढताना डोकं टेकवायची सवय असेल तर कपाळालाच. जनावराच्या डॉक्टरांना दाखवा. मांजराच्या पिल्लांचंही तसंच. एवढं करूनही येत असेल तर परत डॉक्टरांकडं, आणि यावेळी आधी काय काय लावलं त्या सगळ्या ट्यूबा बरोबर घेऊन जा, लाजायचं नाही.

पालकांच्या ग्रुपवर मी दरवर्षी जूनमध्ये हा मेसेज टाकतो, उचलून वापरा:

"नमस्कार, पावसाळ्यात खेळाडूंना गजकर्ण होण्याचं प्रमाण वाढतं. दर सोमवारी सर्वांची तपासणी होईल. चट्टा आढळल्यास मुलाचं टीममधलं स्थान जाणार नाही. मेडिकलमधून स्वतःहून मलम आणू नये, आधीच लावलं असल्यास ट्यूब घेऊन डॉक्टरांकडे जावं. तीन लंगोट, स्वतःचा पंचा आणि स्वतःचा साबण द्यावा. घरात कुणाला खाज असल्यास मला वेगळा फोन करावा."

शेवटचं वाक्य काढू नका, खरी माहिती त्या फोनवरच येते. आणि मेसेज सकाळी टाका. मी एकदा रात्री साडेनऊला टाकला, तर अकरा वाजेपर्यंत बावीस जणांनी आपापल्या पोरांचे चट्टे फोटो काढून ग्रुपवर टाकले होते.